पिस्तुलाचं कॅलिबर निवडताना: कीर्ती कशी तपासायची आणि तुलना कशी करायची

९ मिमी काडतुसातली १२४ ग्रेनची (सुमारे आठ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. .४५ एसीपीची (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) २३० ग्रेनची गोळी जवळपास दुप्पट जड, पण तिचा वेग २५५ मीटरच्या आसपास. गतिज ऊर्जेचं गणित केलं तर पहिलीची ४९२ ज्यूल येते, दुसरीची ४८४. फरक नगण्य. तरीही ही दोन काडतुसं जन्माला आल्यापासून नेमबाज त्यांच्यावरून हमरीतुमरीवर येत आले आहेत. एकाला ‘दुबळं’ म्हटलं गेलं, दुसऱ्याला ‘एका गोळीत काम तमाम करणारं’.

मी नव्या नेमबाजांना शिकवते. ‘कुठलं कॅलिबर चांगलं?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच तयार असतं, कुणाकडून तरी ऐकलेलं. ते ऐकीव उत्तर नेहमीच खोटं असतं असं नाही. पण कॅलिबरची कीर्ती म्हणून जे सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा एका विशिष्ट गोळीबद्दल, विशिष्ट पिस्तुलाबद्दल आणि एखाद्या जुन्या प्रसंगाबद्दल असतं. पुढे गोळी बदलते, पिस्तूल बदलतं, कीर्ती मात्र कॅलिबरच्या नावाला चिकटून राहते. ती सोडवून बघायची कशी, ते मी शिकवते त्याच क्रमाने इथे मांडते आहे.

पहिली पायरी: नाव वाचा, पण नावावर विश्वास ठेवू नका

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा किंवा गोळीचा व्यास. इंचात असेल तर .४५ म्हणजे इंचाचे ४५ शतांश, मिलिमीटरमध्ये असेल तर ९ म्हणजे ९ मिलिमीटर. इतकं सरळ असतं तर किती बरं झालं असतं! .३८ स्पेशलच्या गोळीचा व्यास .३८ इंच नाही, तो .३५७ आहे. जुन्या काळच्या काडतुसांत गोळी बाहेरून पुंगळीइतकीच, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याइतकीच, जाड असायची, तेव्हा .३८ हे माप खरं होतं. नंतर गोळी पुंगळीच्या आत बसू लागली, बारीक झाली, पण नाव तेच राहिलं. .४४ मॅग्नमची गोळी प्रत्यक्षात .४२९ इंचाची असते. .३८० एसीपीची .३५५, म्हणजे थेट ९ मिमीइतकीच. .३५७ मॅग्नम आणि .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) ही मात्र प्रामाणिक नावं, जे सांगतात तेवढंच माप.

म्हणून ‘कॅलिबर’ म्हणताना आपण खरं तर ‘काडतूस’ म्हणत असतो. एकाच व्यासाच्या गोळ्या वेगवेगळ्या लांबीच्या पुंगळ्यांत बसवल्या की वेगळी काडतुसं होतात. ‘९ मिमी’ या एका शब्दाखाली ९×१७, ९×१८, ९×१९ आणि ९×२१ अशी निदान चार काडतुसं येतात. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा. ९×१७ म्हणजेच .३८० एसीपी, ज्याला काही ठिकाणी ‘९ मिमी शॉर्ट’ म्हणतात. ९×१८ हे मकारोव्हचं, आणि त्याची गोळी साधारण ९.२७ मिमीची, बाकीच्यांपेक्षा किंचित जाड. ९×२१ लोकप्रिय झालं ते इटलीत, कारण तिथे सैन्याचं ९×१९ नागरिकांना बरीच वर्षं बंद होतं. नेमबाज नुसतं ‘नाइन’ म्हणतात तेव्हा त्यांना ९×१९ अभिप्रेत असतं: पॅराबेलम किंवा लुगर. जर्मनीत गेऑर्ग लुगर यांनी ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला घडवलं, १९०४ मध्ये जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये लष्कराने स्वीकारलं.

हा सगळा नावांचा पसारा नुसता पाठ करण्यासाठी नाही. चुकीचं काडतूस चुकीच्या पिस्तुलात जाणं हा खराखुरा धोका आहे. ९ मिमीचं काडतूस .४० च्या पिस्तुलात सरकू शकतं, उडूही शकतं, आणि सैल चेंबरमध्ये (नळीच्या ज्या भागात काडतूस बसतं तिथे) पुंगळी फाटते. .३८ स्पेशल काडतूस .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिनदिक्कत चालतं, तो त्या जोडीचा मोठा फायदाच आहे. उलट मात्र कधीही नाही. मॅग्नमची पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटरने लांब ठेवली आहे ती मुद्दाम, कमी दाबासाठी बनलेल्या .३८ च्या सिलिंडरमध्ये ती बसू नये म्हणून. .४५ कोल्ट आणि .४५ एसीपी, किंवा .३८ सुपर आणि .३८ स्पेशल, यांची नावं सख्ख्या भावंडांसारखी, पण काडतुसं पूर्ण वेगळी. काडतुसाच्या बुडावर कोरलेलं नाव आणि पिस्तुलाच्या नळीवर कोरलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. शंका असेल तर भरायचं नाही.

दुसरी पायरी: चार आकडे कागदावर मांडा

तुलना करायला घेतलेल्या प्रत्येक काडतुसासाठी गोळीचं वजन, वेग, संवेग आणि ऊर्जा लिहा. वजन ग्रेनमध्ये दिलेलं असतं. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. वजन गुणिले वेग म्हणजे संवेग. वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणलं की ऊर्जा. वर्ग असल्यामुळे ऊर्जेचा आकडा वेगवान हलक्या गोळ्यांना झुकतं माप देतो, आणि संवेग जड संथ गोळ्यांना. जुन्या वादातले दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा आकडा पुढे करत आले. म्हणून दोन्ही मांडायचे.

सर्वसाधारण भाराच्या, म्हणजे नेहमीइतकी दारू भरलेल्या, काडतुसांचं चित्र असं दिसतं. .२२ लाँग रायफल, ४० ग्रेन, पिस्तुलातून सुमारे ३०० मीटर: जेमतेम ११७ ज्यूल, संवेग ०.८ च्या आत. .३८० एसीपी, ९५ ग्रेन, २९० मीटर: २६० ज्यूलच्या आसपास, संवेग १.८. .३८ स्पेशल, १५८ ग्रेन, २३० मीटर: २७० ज्यूल, पण संवेग २.४. ९ मिमीची ऊर्जा वर आलीच आहे, तिचा संवेग २.८. .४० एस अँड डब्ल्यू, १८० ग्रेन, ३०० मीटर: ५२५ ज्यूल, ३.५. .४५ एसीपी: ४८४ ज्यूल, ३.८. .३५७ मॅग्नम, १५८ ग्रेन, ३७५ मीटर: ७२० ज्यूल, ३.८. आणि .४४ मॅग्नम, २४० ग्रेन, ४१० मीटर: १३०० ज्यूल, ६.४.

.४५ एसीपी आणि .३५७ मॅग्नम यांचा संवेग सारखाच आहे, ऊर्जेत मात्र दीडपट फरक. ९ मिमी आणि .४५ यांचं बरोबर उलट. नुसता ‘ताकदवान’ हा शब्द म्हणूनच काही सांगत नाही.

या आकड्यांशेजारी पाचवी गोष्ट लिहून ठेवावी ती दाबाची. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार ९ मिमीचा कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड, .४५ एसीपीचा फक्त २१,०००, .३८ स्पेशलचा तर १७,०००. .४५ चा धक्का ‘ढकलल्यासारखा’ आणि .४० चा ‘झटका दिल्यासारखा’ असं नेमबाज सांगतात, त्यामागे दाबातला हा फरक काही अंशी आहे. .४० चा दाब ९ मिमीइतकाच, पण गोळी जड आणि पिस्तूल बहुधा ९ मिमीच्याच सांगाड्याचं. .४५ ची गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहते, म्हणून तिच्या आवाजात वेगवान गोळीचा हवेतला तडाखा नसतो. पुंगळीवर किंवा डब्यावर ‘प्लस पी’ असेल तर दाब नेहमीपेक्षा जास्त आहे. जुन्या किंवा हलक्या पिस्तुलात तो भार वापरण्याआधी उत्पादकाची पुस्तिका बघायलाच हवी.

डब्यावरच्या वेगाबद्दल एक सावधगिरी. तो ठरावीक लांबीच्या चाचणी-नळीतून मोजलेला असतो. आखूड नळीत दारू पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडते. .३५७ मॅग्नमला याचा सगळ्यात मोठा फटका बसतो: दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून आवाज आणि ज्वाळा मॅग्नमची मिळते, वेग मात्र बराच कमी.

तिसरी पायरी: धक्का मोजा, पण पिस्तुलाच्या वजनासकट

‘नाइनला धक्का कमी, फोर्टी फाइव्हला जास्त.’ हे वाक्य अर्धवट आहे, कारण त्यात पिस्तूलच नाही. गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने पिस्तूल मागे येतं. संवेगाच्या वर्गाला पिस्तुलाच्या दुप्पट वजनाने भागलं की धक्क्याची ऊर्जा मिळते. जळणाऱ्या दारूच्या वायूंचाही त्यात वाटा असतो. तो मी इथे सोडून देते आहे, त्यामुळे खरे आकडे थोडे मोठे येतील. तुलनेपुरतं हे गणित पुरेसं आहे.

९०० ग्रॅमच्या पिस्तुलात ९ मिमी: ४.४ ज्यूल. तेच काडतूस ५०० ग्रॅमच्या छोट्या पिस्तुलात: ७.९ ज्यूल. आता .४५ एसीपी पूर्ण आकाराच्या ११०० ग्रॅमच्या पोलादी पिस्तुलात घ्या: ६.६ ज्यूल. म्हणजे छोटं ‘सौम्य’ नाइन मोठ्या ‘आडदांड’ फोर्टी फाइव्हपेक्षा जोरात मागे येतं. हे गणित फळ्यावर मांडलं की वर्गात शांतता पसरते, आणि मग जो तो आपल्या आठवणी तपासायला लागतो.

.३५७ मॅग्नमचं तर आणखी टोकाचं. ११०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ६.७ ज्यूल, आणि ४०० ग्रॅमच्या हलक्या, आखूड रिव्हॉल्व्हरमध्ये १८ च्या वर. काडतूस एकच. नवख्याला ‘साधं सोपं म्हणून’ हलकं आखूड रिव्हॉल्व्हर सुचवणारी माणसं सगळीकडे भेटतात. मला हा सल्ला मनापासून चुकीचा वाटतो. .३८ स्पेशलची मवाळ म्हणून असलेली कीर्ती ९०० ग्रॅमच्या, चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर कमावलेली आहे. तिथे धक्का तीन ज्यूलच्या आसपास असतो. ४०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो सात ज्यूल होतो, मूठ एवढीशी, चाप जड, आणि नेम धरायची पुढची माशी ते मागची खाच हे अंतर बोटभर. अनुभवी हातालाही ते सोपं नाही.

गणितात न मावणारं पण हाताला कळणारं आणखी काही असतं. नळी मुठीच्या जितकी वर, तितकं तोंड जास्त उसळतं. रुंद मूठ धक्का पसरवते, अरुंद मूठ तो अंगठ्याच्या बेचक्यात आणते. .३८० एसीपीची कित्येक जुनी पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात: नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) एकमेकांना अडकलेली नसतात, नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर सगळं काम. त्यामुळे कागदावर बिनमहत्त्वाचा वाटणारा धक्का हातात कडक लागतो. कुलूपबंद यंत्रणेचं .३८० पिस्तूल घेतलं की तेच काडतूस मऊ वाटतं.

चौथी पायरी: कीर्ती ऐका, तिच्या जन्मतारखेसकट

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुणी एखाद्या कॅलिबरबद्दल ठाम बोललं की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. हे मत कधीचं? तेव्हा गोळी कोणती होती? पिस्तूल कोणतं होतं?

.४५ पासून सुरुवात करू. अमेरिकी लष्कराने १८९२ मध्ये .४५ सोडून .३८ लाँग कोल्ट स्वीकारलं. फिलिपीन्समधल्या मोरो लढवय्यांशी गाठ पडली तेव्हा हे काडतूस पुरेसं नाही अशा तक्रारी आल्या. मग १९०४ मध्ये जॉन थॉम्प्सन आणि लुई लगार्ड या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत जिवंत गुरांवर, आणि वेगळ्या चाचण्यांत मृतदेहांवर, गोळ्या झाडून बघितल्या. निष्कर्ष निघाला की लष्करी पिस्तूल .४५ पेक्षा लहान नसावं. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेलं .४५ एसीपी आणि त्यांचंच पिस्तूल १९११ मध्ये स्वीकारलं गेलं, आणि १९८५ पर्यंत ते मुख्य सेवेत राहिलं. .४५ ची कीर्ती या पायावर उभी आहे.

आता प्रश्न लावा. चाचणीतल्या गोळ्या त्या काळच्या होत्या. गुरांची संख्या तुटपुंजी, पद्धत आजच्या कसोटीवर न टिकणारी. शिवाय तक्रार मुळात .३८ लाँग कोल्टची होती, आणि ते आजच्या .३८ स्पेशलपेक्षाही कमकुवत काडतूस. त्याच अहवालात आणखी एक मुद्दा आहे आणि तो क्वचितच कुणी सांगतं: पिस्तूल बाळगणाऱ्या सैनिकाला अचूक नेमबाजीचा अखंड सराव दिला पाहिजे. शंभर वर्षं गाजला तो व्यासाचा आकडा. सरावाची शिफारस कागदातच राहिली, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

म्हणून .४५ वाईट आहे असं नाही. कमी दाब, संथ जड गोळी, मोठं भोक, आणि ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाचा स्वच्छ चाप, या सगळ्यामुळे ते अचूक नेमबाजीचं लाडकं काडतूस आहे. त्याची ही कीर्ती खरी. ‘जादूची गोळी’ ही कीर्ती मात्र आकड्यांत कुठे सापडत नाही.

९ मिमीची बदनामी एका दिवसावर बोट ठेवून दाखवता येते. ११ एप्रिल १९८६. मायामीत एफबीआयचे अधिकारी आणि दोन बँक लुटारू यांच्यात चकमक झाली. दोन अधिकारी मरण पावले, पाच जखमी झाले. एका अधिकाऱ्याची ११५ ग्रेनची ९ मिमी पोकळ टोकाची गोळी लुटारूच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो पुढेही लढत राहिला. या एका गोळीने पुढच्या तीस वर्षांचा बाजार फिरवला. एफबीआयने गोळ्यांच्या चाचण्यांची पद्धत नव्याने बांधली. बॅलिस्टिक जिलेटिनमध्ये (मांसाच्या जागी वापरायच्या घट्ट जेलीत) किमान १२ इंच शिरकाव ही अट आली. आधी १० मिमी ऑटो घेतलं. ते १९८३ चं, पूर्ण भाराने फार कडक काडतूस, म्हणून एफबीआयने त्याचा भार कमी करून घेतला. मग लक्षात आलं की भार कमी केल्यावर एवढी लांब पुंगळी लागतच नाही. ती आखूड करून स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू आणलं, जे ९ मिमीच्या सांगाड्यात मावतं. नव्वदच्या दशकात अमेरिकी पोलीस दलं भराभर त्याकडे वळली.

दरम्यान त्या चाचण्यांचं लक्ष्य समोर ठेवून कारखाने ९ मिमीच्या गोळ्याही सुधारत होते. त्या ठरलेल्या खोलीपर्यंत जाऊ लागल्या, कपड्यांतून गेल्यावरही नीट फुलू लागल्या. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिमीच्या बाजूने आपली कारणं मांडली: नव्या गोळ्यांत कॅलिबरांमधला फरक उरला नाही, आणि अधिकारी ९ मिमीने जास्त वेगाने व जास्त अचूक मारतात. संस्था पुन्हा ९ मिमीवर आली. पाठोपाठ बहुतेक दलं आली. .४० च्या आद्याक्षरांची ‘शॉर्ट अँड वीक’ अशी हेटाळणी १० मिमीच्या चाहत्यांनी पूर्वीच केली होती. आता त्याच्यावर ‘मधल्यामध्ये अडकलेलं’ असा शिक्का बसला.

या गोष्टीत १९८६ ची ‘९ मिमी’ आणि आजची ‘९ मिमी’ यांत नाव सोडून किती साम्य आहे, ते बघा. पुंगळी तीच, गोळी वेगळी. ‘९ मिमी कमी पडतं’ हे एका जुन्या गोळीबद्दलचं खरं विधान होतं. आज कुणी ते जसंच्या तसं सांगत असेल तर तो चाळीस वर्षांपूर्वीची बातमी सांगतो आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. .३५७ मॅग्नम १९३५ चं. हातातल्या शस्त्राला त्याआधी न मिळालेला वेग त्याने दिला, आणि अमेरिकी पोलिसांच्या हातात त्याने जी प्रतिष्ठा कमावली ती टिकून आहे. .४४ मॅग्नम १९५५ मध्ये शिकारीसाठी आलं. सत्तरच्या दशकात पडद्यावर झळकल्यावर ते घराघरांत पोचलं, आणि ‘सगळ्यात मोठं’ ही ख्याती आजही सांगितली जाते. ती केव्हाच मागे पडली: .५०० एस अँड डब्ल्यू मॅग्नम २००३ मध्येच आलं. १० मिमी पोलिसांकडून गेलं, पण पूर्ण भारात रानात फिरणाऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी ते उचलून धरलं. .३२ आणि .२५ एसीपी ही खिशातल्या पिस्तुलांची जुनी काडतुसं. त्यांच्याबद्दलचं ‘कमी ताकदीचं’ हे मत आकड्यांशी जुळतं.

आणि .२२ लाँग रायफल. १८८७ पासूनचं, पुंगळीच्या कडेत प्रायमर (दारू पेटवणारं मिश्रण) असलेलं, ‘पोरांचं’ म्हणून हिणवलं जाणारं काडतूस. मला याची फार कणव येते. ऑलिम्पिकमधले २५ मीटर पिस्तूल प्रकार याच काडतुसावर खेळले जातात. याने माझे जितके विद्यार्थी घडले तितके बाकी सगळ्या कॅलिबरांनी मिळून घडले नाहीत. कडेच्या प्रायमरमुळे ते अधूनमधून उडत नाही, हा दोष खरा. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने रोखलेलंच ठेवून तीस सेकंद थांबायचं आणि मगच ते बाहेर काढायचं, ही शिस्तही त्यामुळेच अंगवळणी पडते.

पाचवी पायरी: काम ठरवा, मगच काडतूस

कागदी लक्ष्यावर अचूक नेम शिकायचा असेल तर उत्तर .२२ आहे, आणि मी त्यावर फारशी चर्चाही करत नाही.

स्पर्धा खेळायची असेल तर नियमपुस्तिका आधी वाचायची, कॅलिबर त्यातून आपोआप निघतं. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर सेंटर फायर (प्रायमर बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसांच्या) प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची कॅलिबरं चालतात. या प्रकारात .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच्या सपाट टोकाच्या गोळ्यांची पिस्तुलं भरपूर दिसतात. मऊ धक्क्याने मिळणारी स्थिरता जाड गोळीपेक्षा जास्त मोलाची, हे जाणूनच त्या नेमबाजांनी निवड केलेली असते. कॅलिबरांच्या वादावर याहून प्रामाणिक पुरावा मला माहीत नाही, कारण इथे प्रत्येक गुण मोजला जातो.

आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॅक्टिकल नेमबाजीत ‘पॉवर फॅक्टर’ असतो: गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार. मायनरसाठी १२५ लागतात, स्टँडर्ड गटात मेजरसाठी १७०. १२४ ग्रेनची ९ मिमी गोळी ११५० फुटांनी गेली तर १४२ भरतात, म्हणजे मायनर. १८० ग्रेनची .४० ची गोळी ९८० फुटांनी गेली तर १७६, म्हणजे मेजर. मेजरला मधल्या भागाबाहेरच्या नेमालाही जास्त गुण मिळतात. पोलिसांनी सोडलेलं .४० इथे अजून मानाने नांदतं, त्याचं कारण हे.

शिकार असेल तर प्राणी आणि तिथले नियम काडतूस ठरवतात, आणि मोठ्या प्राण्यांसाठी .३५७ मॅग्नमच्या खाली सहसा विचार होत नाही. आणि जिथे कायदा काही कॅलिबरं नागरिकांना बंद करतो तिथे सगळी तुलना त्या यादीपासूनच सुरू करायची.

सहावी पायरी: रेंजवर स्वतःचा निकाल काढा

दोन कॅलिबरं निवडा, शक्यतो एकाच घडणीच्या आणि जवळपास सारख्या वजनाच्या पिस्तुलांत. दोन्हींसाठी प्रत्येकी पन्नास काडतुसं पुरतात. कानांना दुहेरी संरक्षण घ्या, आत बोळे आणि वर मफ. पिस्तुलाचा आवाज सहज १४० डेसिबलच्या वर जातो आणि मोठ्या आवाजाने माणूस दचकतो. तो दचका मग धक्क्याच्या नावावर खपतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पहिला भाग संथ. १० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन संच, घाई नाही. एक संच एका पिस्तुलाचा, पुढचा दुसऱ्याचा, असे आलटून पालटून. एकाचे सगळे आधी संपवले तर थकव्याचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो. प्रत्येक संचातल्या सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, त्यातून गोळीचा एक व्यास वजा करा, आणि वहीत लिहा.

दुसरा भाग वेळेचा. हाच खरा न्याय करतो. रेंजच्या नियमांत बसत असेल तर ७ मीटरवर ताटलीएवढ्या वर्तुळात पाच गोळ्या, टायमर लावून. वर्तुळाबाहेर एकही गेली तर तो प्रयत्न बाद. वेग हळूहळू वाढवत न्या आणि पाचही गोळ्या आत ठेवून मिळालेली सगळ्यात कमी वेळ लिहा. टायमरवर दोन गोळ्यांमधलं अंतर दिसतं तेही लिहा. बहुतेक लोकांना संथ भागात दोन कॅलिबरांत फरक दिसतच नाही, आणि इथे तो डोळ्यांत भरतो.

तिसरा भाग दचक्याचा. सोबत्याला सांगा की मॅगझिन भरताना मध्येच एखादं डमी काडतूस घाल, कितवं ते मला कळू देऊ नकोस. डमी वेगळ्या रंगाचंच हवं आणि भरण्याआधी दोघांनी हातात घेऊन तपासलेलं. डमीवर चाप ओढला की धक्का नसतो, आणि पिस्तुलाचं तोंड खाली झुकलं तर ते तुमच्याच मनगटाने झुकवलेलं असतं. माझ्या एका विद्यार्थिनीला खात्री होती की .४५ तिला मानवतं. डमी आलं तेव्हा माशी चार बोटं खाली गेली. तिने दोन महिने .२२ वर काढले, मग ९ मिमी, आणि पुन्हा .४५ हातात घेतलं तेव्हा डमीवर माशी जागची हलली नाही.

शेवटच्या संचाची पहिल्याशी तुलना करायला विसरू नका. पन्नासाव्या गोळीला वर्तुळ दुप्पट झालं असेल तर ते काडतूस त्या पिस्तुलात तुमच्यासाठी अजून जड आहे, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. वहीत तारीख, पिस्तुलाचं वजन, नळीची लांबी, गोळीचं वजन आणि भार हे सगळं नोंदवा, नुसतं ‘९ मिमी’ किंवा ‘.४५’ लिहू नका. तीन महिन्यांनी हीच चाचणी त्याच डब्यातल्या काडतुसांनी पुन्हा घ्या.